ज्याचं त्याला हलकं

तांपेरे, १२ मार्च १९९४

प्रिय बाबा,

कसा आहेस? आई कशी आहे? तुमच्याकडचा समुद्र अजून गोठलेलाच असणार. इथे तलावावरूनही लोक बिनधास्त चालत पलीकडे जातात, मीसुद्धा. थंडी आहे, पण नाक गळून पडेल इतकी नाही. जेवण व्यवस्थित चालू आहे, आईला सांग. राय धान्याचा काळा ब्रेड, चीज, आणि रविवारी राउनी मटार सूप करते ते. कॉलेज जागच्या जागी आहे.

आता कामाचं. पत्र बघून तुला वाटलं असेल, ही फोन का करत नाही. कारण फोनवर तू "हं" म्हणतोस आणि आईकडे देतोस. आणि हे काम "हं"वर होण्यासारखं नाही.

आम्ही सुट्टीच्या दिवशी जंगलात जाऊन जे खेळतो, ज्याला तू "मोठ्या माणसांची लुटूपुटू" म्हणतोस, त्यातला पुढचा खेळ माझा आहे. म्हणजे जग माझं. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चाळीसेक माणसं माझ्या डोक्यातल्या जगात दिवसभर राहणार आहेत. जगाचं नाव हाल्ला. राउनी कपडे बघतेय. राउनी म्हणजे माझी रूममेट, नाताळात आपल्याकडे येऊन जिने तुझं बीटचं सॅलड पुन्हा पुन्हा वाढून घेतलं होतं तीच. बाकी सगळं मी.

बाकीच्यांच्या जगात जादू असते. जादू म्हणजे काय, तर लिहिणाऱ्याला हवं तेव्हा हवं ते होतं. म्हातारा काठी आपटतो आणि नदी थांबते. का थांबते? थांबते. मला हे झेपत नाही, आणि हा दोष सरळ तुझा आहे. ज्या पोरीला चौथीत असताना बाप विचारतो की परीकथेतली सतरंजी उडते तेव्हा खालची हवा कुठे जाते, तिचं पुढे असंच होणार. म्हणून माझ्या जगात जादू नाही. माझ्या जगात निसर्गाचे नियम आहेत. फक्त ते आपले नाहीत.

नियम एक. हाल्लामध्ये वस्तू ज्याची असेल त्याच्या हाताला ती पिसासारखी लागते. बाकी सगळ्यांना जड, आपल्या इथल्यापेक्षा कितीतरी जड. वस्तू दुसऱ्याला द्यायची तर मालकाने "तुझं" म्हणायचं. मनापासून. तोंडदेखलं म्हटलं तर काही होत नाही, दगड फसत नाही.

बस. एवढाच. आणि यातून बघ काय काय निघतं. कुलपं नाहीत, कारण चोराला काही उचलतच नाही. हमाल नाहीत. गाडीवान नाहीत. लग्नात नवरी सासरी काय काय हलकं लागतंय ते बघत घरभर फिरते, आणि सासूच्या "सगळं तुझंच आहे गं" या वाक्याची तिथल्या तिथे परीक्षा होते. मला हे सुचलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसत होते, शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

तुझं काम असं. आमच्यात पद्धत आहे की नियम बनवणाऱ्याने तो स्वतः तपासायचा नाही. प्रत्येक जगाला एक मोडणारा लागतो. आम्ही त्याला मोड्या म्हणतो. तो खेळात नसतो. त्याला नियम कागदावर पाठवायचे, तोंडी नाही, कारण तोंडी सांगताना आपण हातवारे करून भोकं बुजवतो. मोड्या कागदावरच मोडतो. आणि खेळाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो, "मी प्रयत्न केला, मोडलं नाही." तो हे म्हणेपर्यंत कोणी जंगलात पाऊल टाकत नाही. म्हणजे मोड्या आला नाही तर खेळ नाही.

आमचा नेहमीचा मोड्या तार्मो. तो सध्या राउनीच्या प्रेमात पडलाय आणि त्याला सगळंच सुंदर दिसतंय. मी नियम दाखवला तर म्हणाला, "किती छान." असला मोड्या काय चाटायचाय? मला निर्दयी माणूस हवाय. तुझ्याइतका निर्दयी माणूस मला माहीत नाही, हवं तर तुझ्या नववीच्या वर्गाला विचार.

मोड बघू.

तुझी,
इल्मा

ता.क. पत्राने उत्तर दे. आणि अठ्ठावीस मेचा शनिवार मोकळा ठेव.


१९ एप्रिल

प्रिय बाबा,

तुझी दोन्ही पोस्टकार्डं मिळाली. पहिल्यावर फक्त एक ओळ होती, तीही आडवी: "दगडाला मालक कोण हे कसं कळतं?" राउनीने ते कार्ड फ्रिजवर लावलंय. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो आणि माझ्याकडे बघतो.

उत्तर देते. चंद्राला पृथ्वी कुठे आहे हे कसं कळतं? मी आठवीत तुला हेच विचारलं होतं आणि तू म्हणालास, "कळत नाही. तसं होतं. आपण फक्त किती होतं ते मोजतो." मग माझ्या दगडालाही कळत नाही. तसं होतं. पुढचा प्रश्न.

पुढचा प्रश्न मात्र जबरदस्त होता. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आईला सांगू नकोस. तू लिहिलंस की एक माणूस स्वतःचा दगड डोंगरावर नेतो, त्याला तो पिसासारखा, म्हणजे कष्ट शून्य. वर पोचल्यावर खाली उभ्या असलेल्या भावाला ओरडून म्हणतो, "तुझा." दगड जड झाला. ढकलला. खाली पिठाची चक्की फिरली. मग भाऊ तोच दगड हलक्या हाताने वर घेऊन जातो. "तुझ्या जगात भाकरी फुकट आहे. असं जग कुठेच नसतं. तैस्तो." सही करायची काय गरज होती? अक्षर बघून कळत नाही का मला?

पण मोडलास. खरंच मोडलास. मी तार्मोला दाखवलं तर तो म्हणाला, "मग असू दे ना फुकट भाकरी, छान आहे." मी त्याला स्वयंपाकघरातून हाकललं.

आणि मग सापडलं, बाबा. गोदामात एक कपाट उचलताना सापडलं. नियम दोन: वजन कुठेही नाहीसं होत नाही. वस्तूचं जे वजन मालकाच्या हाताला लागत नाही ते मालकाच्या अंगात जातं. वस्तू जवळ असो की घरी. जितकं आपलं, तितके आपण जड. त्या माणसाच्या हाताला दगड पिसासारखा लागेल, पण डोंगर चढताना त्याचे पाय दगड भोगतील. चक्की बंद. भाकरी पुन्हा महाग.

शिवाय बघ, पहिल्या नियमाचं कारणही मिळालं. परक्याला वस्तू जड का? कारण तो नुसती वस्तू उचलत नसतो, तिला चिकटलेला मालकही ओढत असतो.

आता खेळात श्रीमंत माणसं सावकाश चालणार, खुर्चीवर बसताना आधी खुर्चीकडे बघणार. बर्फ पातळ झाला की ज्यांच्याकडे काही नाही तेच तलाव ओलांडणार. श्रीमंताला पलीकडे जायचं तर काठावर उभं राहून आधी सगळं वाटावं लागणार. जमीन कोणाच्याच मालकीची नाही हे मी लगेच जोडलं, नाहीतर जमीनदार थेट पृथ्वीच्या पोटात गेला असता.

ईस्टरनंतरच्या रविवारी आम्ही हे तपासायला जंगलात गेलो. पाचच जण. आणि तिथे एक प्रकार झाला.

राउनीचा पाय झाडाच्या मुळात अडकला आणि मुरगळला. ती ओल्या शेवाळावर बसली, आणि तार्मो धावत तिच्याकडे गेला, आणि मध्येच थांबला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "राउनी कोणाची?"

"गाढवा, माझा पाय बघ आधी," राउनी म्हणाली.

"नाही, पण खरंच. माणूस स्वतःचा असतो ना? म्हणजे ती स्वतःची, म्हणजे आम्हाला जड. आम्ही तिला उचलूच शकत नाही."

"किती जड धरायची?" मी विचारलं. हो, मीच विचारलं. मला तेव्हा तो प्रश्न अतिशय महत्त्वाचा वाटला.

"माझ्या वजनावर इथे कोणी काही बोलायचं नाही," राउनी म्हणाली.

तार्मो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "तू फक्त 'मी तुझी' म्हण. मग मी तुला एका हातावर नेतो."

"मी कोणाची नाही. तुझी तर आजपासून मुळीच नाही."

मग कोणीतरी म्हणालं की ताडपत्री राउनीची आहे, तिला ती हलकी लागणार, तिच्यावर बसवून ओढू. मग वाद निघाला की ओढणारे आम्ही, ती नाही, आणि ताडपत्रीवर मालकीणच बसली तर दोघींचं वजन कुठे मोजायचं. मी काडीने चिखलात आकृती काढत होते. वर बघितलं तर राउनी नव्हती. एक फांदी काठीसारखी धरून ती लंगडत रस्त्याला लागली होती आणि मागे वळूनसुद्धा बघत नव्हती. पाय आता बरा आहे. तार्मोशी ती अजून बोलत नाही. माझ्याशी बोलते, पण भाडं आणि भांडी एवढ्यावरच.

पण प्रश्न राहिलाच. माणूस कोणाचा? मी सध्या लिहिलंय: ज्याचा तो. मोडून दाखव.

कॉलेजबद्दल आईने विचारलं होतं. परीक्षा चालू आहेत. एवढंच सांग तिला.

तुझी,
इल्मा


३ मे

प्रिय बाबा,

एक मेचा वाप्पुचा सण कसा गेला? तू मॅट्रिकची जुनी पांढरी टोपी घालून बंदरापर्यंत चालत गेलास ना, दरवर्षीसारखा? आणि आई तुझ्यापासून चार पावलं लांब, ओळख नसल्यासारखी? इथे सगळं शहर रस्त्यावर होतं. पाऊस आणि फुगे आणि सॉसेज. राउनी आता माझ्याशी पूर्ण बोलते. तार्मोशी थोडं. त्याने तिला लोकरीचे मोजे दिले आणि देताना "तुझे" म्हणाला, आणि ती म्हणाली, "बघू, हलके लागतायत का."

तुझं कार्ड आलं. पाठ झालंय, तरी उतरवून काढते.

"माणूस ज्याचा तो असेल तर हाल्लातलं एकही बाळ आठवडाभर जगणार नाही. त्याला उचलणार कोण? म्हणजे बाळ आईबापाचं असलं पाहिजे. पण मोठा माणूस स्वतःचा असतो असं तू म्हणतेस. मग मधे एक दिवस असला पाहिजे ज्या दिवशी मूल आईबापाचं राहत नाही. तो कोणता? वजन आपोआप बदलत नाही, काहीतरी घडावं लागतं. काय घडतं? तैस्तो."

मी हे वाचलं आणि कार्ड उलटं ठेवलं.

मग भांडी घासली. मग चाळीस माणसांच्या जेवणाचा हिशेब केला. मग राउनीच्या शिलाई मशिनमध्ये तेल घातलं, तिने सांगितलेलं नसताना. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"तो काटा हातात धरून बसतो," आई म्हणाली. "बटाटे गार होतात. परवा सॉना तापवून ठेवली आणि हा आत जाऊन बसला, मी गेले तर पाणीसुद्धा टाकलेलं नाही दगडांवर. नुसता दगडांकडे बघत बसलेला. काय पाठवतेस तू त्याला?"

"निसर्गाचे नियम."

"त्याच्याकडे आधीच पुष्कळ आहेत." मग म्हणाली, "स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगतो, माझी मुलगी मला अभ्यासातल्या शंका विचारते."

मी विचारलं, होडी पाण्यात उतरवली का?

"इल्मा, तू मला काही सांगायचं ठेवलंयस का?"

"ठेवलंय."

"मग मला सांगू नकोस. आधी त्याला सांग. मला आधी कळलंय हे त्याला समजलं तर जूनपर्यंत घरात कोणी बोलणार नाही."

तर सांगते. आणि वाप्पुच्या दिवशी कॉलेजची मुलं भेटली, माझ्याच वर्षाची, त्यांनी विचारलं, "इल्मा, तू जिवंत आहेस?" आता ते कोणी तुला कुठे भेटून बोलण्याआधी मीच सांगते.

मी कॉलेज सोडलंय. जानेवारीत. सही करून, रीतसर. परीक्षा चालू आहेत असं मी लिहिलं ते खरं होतं, चालू आहेतच, फक्त मी त्यांना बसत नाहीये. मागच्या पत्रात गोदाम आलं होतं, तू विचारलं नाहीस. एका नाटकमंडळीचं सामानाचं गोदाम आहे. खुर्च्या, कपाटं, खोटी झाडं, खरा पियानो. मी ते सगळं जपते, दुरुस्त करते, चढवते, उतरवते. पगारात भागतं. मला तिथे आवडतं.

नापास झाले म्हणून सोडलं नाही. तुला गुणपत्रिका हवी असेल तर पाठवते, मेकॅनिक्समध्ये वर्गात पहिली होते. सोडलं, कारण एक दिवस पुलाचं गणित करताना लक्षात आलं की उत्तर येण्यात मला गंमत वाटत नाहीये. मला गंमत वाटते ती आधीच्या पायरीत. भार असा का वाहतो, तसा का नाही? तसा वाहिला असता तर माणसं कशी राहिली असती, भांडली असती, लग्नं कशी झाली असती? हे तिथे कोणी विचारत नाही, आणि विचारू नये हेही बरोबर आहे, कारण त्यांना पूल बांधायचाय आणि लोकांना त्यावरून जायचंय. मला नाही बांधायचा. हे वेड आहे असं तू म्हणशील. असेल. पण मला ते येतं, बाबा. मी यात चांगली आहे. चक्की तू फिरवलीस आणि मी ती थांबवली, तुझ्या शाळेत हे कोणाला जमलं असतं सांग.

एका गोष्टीचं वाईट वाटतं. न सांगता तुला स्टाफरूममध्ये बोलू दिलं. ते मी करायला नको होतं. सोडण्याबद्दल मात्र माफी मागत नाही.

आता तुझा प्रश्न. नियम तीन: मूल आईबापाचं असतं, त्यांच्या हाताला हलकं. ज्या दिवशी ते "मी माझी" किंवा "मी माझा" म्हणतं, मनापासून, त्या दिवशी ते स्वतःचं होतं. त्यानंतर आईबापाने उचलायला गेलं तर उचलत नाही.

आणि नियम दोनप्रमाणे त्या दिवशी आईबाप हलके होतात. इतकी वर्षं अंगात असलेलं वजन जातं. म्हणजे तुझ्यासाठी ही चांगली बातमी आहे.

मोडायला अजून येशील ना? अठ्ठावीस तारखेला?

इल्मा


२४ मे

प्रिय बाबा,

तू इतके दिवस काही लिहिलं नाहीस तेव्हा आईनेच फोन केला. म्हणाली, "होडी घासतोय. रंग कधीचाच उतरला, आता लाकूड उतरवतोय." मी विचारलं, काही बोलला का? म्हणाली, "म्हणाला, हिने गणित बरोबर केलंय आणि उत्तर चुकीचं आणलंय. मी विचारलं कसलं, तर पुन्हा घासायला लागला."

गटाला मी सांगून टाकलं होतं की मोड्या बहुतेक येणार नाही. तार्मोने लगेच विचारलं, "मग मी म्हणू का, मोडलं नाही?" राउनी म्हणाली, "तू गप्प बस." पण मग तीच मला म्हणाली की चाळीस माणसांना खेळ होणार नाही असं कळवायचं तर ते याच आठवड्यात कळवायला हवं.

काल तुझं पाकीट आलं. पाकीट. कार्ड नाही. मी ते कोट न काढता जिन्यातच फोडलं.

"इल्मा. नियम तीन मोडला. वस्तू दुसऱ्याची होते ती देणाऱ्याने 'तुझं' म्हटल्यावर, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं आहेस. घेणारा कितीही मोठ्याने 'माझं' म्हणाला तरी काही होत नाही, नाहीतर तुझ्या चोरांनी तेच केलं असतं. मूल आईबापाचं असेल तर त्याने 'मी माझी' म्हणून उपयोग नाही. तू स्वतःचाच नियम विसरलीस. घाईत होतीस म्हणून.

मी हलका होईन हे तू चांगली बातमी म्हणून लिहिलं आहेस. मला कोणी विचारलं, मला हलकं व्हायचं आहे का?

स्टाफरूममध्ये मी काही सांगितलेलं नाही. काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारी बस किती वाजता पोचते? तैस्तो."

मी जिन्यात बसले. वरच्या मजल्यावरचे आजोबा कुत्र्याला घेऊन उतरत होते, ते म्हणाले, "वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, माझ्या जगात भोक पडलंय." ते म्हणाले, "हं," आणि गेले. मला तुझी इतकी आठवण आली.

रात्री मी तुला उत्तर म्हणून चार-पाच पळवाटा लिहून काढल्या. माणूस म्हणजे वस्तू नव्हे, म्हणून वेगळा नियम. अठरा वर्षं पूर्ण झाली की आपोआप. मूल उंचीने आईच्या वर गेलं की. सगळ्या फाडल्या. तू मोडल्या असत्या म्हणून नाही. मलाच लाज वाटली. जग बनवणारी मी, आणि मला गैरसोयीचं झालं की निसर्गाला मधेच वळवायचं? मग मी पण त्या काठी आपटणाऱ्या म्हाताऱ्यासारखीच.

तर नियम तीन आता असा आहे. मूल आईबापाचं असतं, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी मनापासून "तुझी तू" म्हणेपर्यंत त्यांचंच राहतं. मुलाच्या म्हणण्याने काही होत नाही.

गटाला वाचून दाखवला. तार्मो म्हणाला, "म्हणजे कोणाचा बाप हट्टी असेल तर तो माणूस म्हातारा होईपर्यंत बापाचाच?"

"हो."

"हा वाईट नियम आहे, इल्मा."

"हो. आपल्या इथलं गुरुत्वाकर्षणही काही फार प्रेमळ नाही."

त्याला पहिल्यांदाच काही छान वाटलं नाही. चांगलं लक्षण आहे.

यामुळे खेळाची सुरुवात बदलली. आता जंगलाच्या तोंडाशी प्रत्येक खेळाडूला कोणीतरी आईबापाच्या जागी उभं राहून "तुझा तू" म्हणत सोडणार, मग तो आत जाणार. राउनीची मावशी खास राउनीला सोडायला येतेय, तिने त्यासाठी हॅट घेतली आहे. तार्मोला त्याचा मोठा भाऊ सोडेल. ज्यांचं कोणी येणार नाही त्यांनी आपापसात ठरवलंय. मला सोडायला मी कोणालाही सांगितलेलं नाही.

तू तिथे असशीलच. मोड्याचं वाक्य तुला आता खरं खरं म्हणता येईल, कारण भोक बुजलंय, आणि बुजवलंस तूच. तेवढं म्हण, म्हणजे लोक आत जातील. त्याच्या पुढचं मी मागत नाही. तोंडदेखलं म्हणू नकोस, दगड फसत नाही, आणि मीही फसणार नाही. म्हणावंसं वाटलं तर म्हण. नाही वाटलं तर मी हाल्लामध्ये दिवसभर तुझीच म्हणून फिरेन, आणि नियम दोनप्रमाणे तुला माझं वजन घेऊन चिखलातून चालावं लागेल, सगळे बघतील. गमबूट आण. खरंच आण, तिथे चिखल आहे.

पण हे सगळं हाल्लातलं. इथलं वेगळं आहे, आणि ते तुला आत्ताच सांगते म्हणजे बसमध्ये बसण्याआधी तुला माहीत असेल. तू काहीही म्हणालास, किंवा काहीच म्हणाला नाहीस, तरी सोमवारी सकाळी मी गोदामात जाणार. कॉलेजात नाही. त्यावर भांडायचं असेल तर स्टँडपासून जंगलापर्यंत चालत बराच वेळ लागतो, मी मुद्दाम गाडी सांगितलेली नाही. वाटेत कॉफी आणि पुल्लाचा गोड पाव मिळेल अशी एक टपरी आहे. तिथे बसूनही भांडता येईल. मला तुझं म्हणणं ऐकायचंय, पूर्ण, "हं"शिवाय.

बस दहाच्या आधी पोचते. मी स्टँडवर असेन.

शनिवारपर्यंत तरी तुझी,
इल्मा